संशयातून लागलेला शोध

स्विच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते भिंतीवरचं बटण. दाबलं की दिवा लागला, पुन्हा दाबलं की गेला. पण बँकेत काउंटरच्या मागे किंवा मुलांच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत नजर टाकली, तर एक चपटी पेटी दिसते. तिच्यात ओळीने वायरी खोचलेल्या असतात आणि बारीक हिरवे दिवे सारखे लुकलुकत असतात. तिलाही स्विचच म्हणतात. या कॉम्प्युटरचा निरोप त्या कॉम्प्युटरकडे नेमका पोचवायचा, तिसऱ्याच्या हाती पडू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. आपल्या मोबाइलमध्ये जशी ऑपरेटिंग सिस्टीम असते, तशी या पेटीतही असते. रात्रंदिवस कोण कुठे आहे आणि कुणाचं काम आधी, याचा हिशोब ती ठेवत असते.

या पेटीचं मूळ शोधत मागे मागे गेलं, तर आपण कुठे पोचतो? अमेरिकेतल्या एका अंत्यसंस्काराच्या दुकानात! ऐकून नवल वाटेल, पण खरं आहे. माणसाच्या हाताशिवाय टेलिफोन जोडणारं, प्रत्यक्ष वापरात टिकलेलं पहिलं यंत्र ज्यांनी शोधलं, ते अ‍ॅल्मन ब्राउन स्ट्रोजर ना इंजिनिअर होते, ना शास्त्रज्ञ. मृतांच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणं हा त्यांचा धंदा. आणि शोध लागला म्हणे तो एका बाईवरच्या संशयातून.

अ‍ॅल्मनचा जन्म ११ फेब्रुवारी १८३९चा. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर शहराजवळ पेनफील्ड नावाचं गाव आहे, तिथला. त्याचे आजोबा या गावात वस्ती करणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी. गावातली धान्य दळायची पहिली चक्की त्यांनीच चालवली. चक्कीच्या घरातलं पोर, त्यामुळे चाकं आणि दाते लहानपणापासून ओळखीचे असणार. त्याच्या बालपणाची एक गोष्ट सांगतात. आईने मुलांना एखादं काम सांगितलं की ही भावंडं काम करायचं सोडून, ते करणारं यंत्र कसं बनवता येईल यावरच चर्चा करत बसायची. आईचं काम किती झालं कोण जाणे, पण सवय मात्र लागली ती कायमची!

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. विशीतला अ‍ॅल्मन न्यूयॉर्कच्या आठव्या घोडदळात भरती झाला आणि युद्ध संपेपर्यंत सेकंड लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत चढला. लष्करातून परतल्यावर त्यांनी काही काळ खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली. मग पश्चिमेकडे सरकत ते कॅन्सस राज्यात गेले. तिथे आधी एल डोराडो, मग टोपेका आणि शेवटी शेजारच्या मिसूरी राज्यातलं कॅन्सस सिटी, असा त्यांचा मुक्काम फिरत राहिला. या काळात त्यांनी धंदा धरला तो अंत्यविधीचा.

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की शेजारीपाजारी, भावकी धावून येते. बांबू-कडब्यापासून सगळं चार जण मिळून बघतात. तिकडे हे सारं व्यावसायिक माणसावर सोपवायची रीत. निरोप आला की तो येणार, शवपेटी आणणार, घोडागाडीची सोय करणार. घरच्यांनी फक्त बोलावणं धाडायचं. आणि हे बोलावणं त्या सुमारास टेलिफोनवरून येऊ लागलं होतं.

आता तेव्हाचा टेलिफोन कसा होता, ते समजून घ्यायला हवं. फोनवर आकडेच नव्हते. गावातल्या प्रत्येक फोनची तार एका खोलीत येत असे, ते एक्स्चेंज. तिथे एका मोठ्या फळीवर ओळीने भोकं असत. तुम्ही फोन उचललात की फळीवर खूण होई. ऑपरेटर विचारी, कोण हवं? तुम्ही नाव सांगायचं. मग ती दोरीसारखी वायर तुमच्या भोकातून काढून त्या माणसाच्या भोकात खोचायची. झालं कनेक्शन! म्हणजे आज जे काम ती लुकलुकती पेटी करते, ते तेव्हा माणसाचे दोन हात करत होते. आणि ते हात होते बायकांचे.

सुरुवातीला या कामावर पोरगेलेसे मुलगे ठेवले होते. तारेची खबर द्यायचं काम मुलगेच करत, म्हणून हेही त्यांनाच दिलं. पण ते ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, खोड्या काढत. शेवटी १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टनमध्ये एमा नट या तरुणीला कामावर घेतलं. ती जगातली पहिली महिला टेलिफोन ऑपरेटर. तिचा शांत आवाज आणि अदबीचं बोलणं ग्राहकांना इतकं आवडलं की कंपन्यांनी मुलगे काढून मुलीच नेमायला सुरुवात केली. मुलींना पगार कमी देता येतो, हेही एक कारण होतंच. पण त्या काळात घराबाहेर पडून चार पैसे मिळवायचे तर मुलींपुढे वाटा किती होत्या? गिरणी, शिवणकाम, शाळा, नाहीतर दुसऱ्यांच्या घरची कामं. त्यात ही एक स्वच्छ, मानाची नोकरी उघडली.

पण या नोकरीत एक अधिकारही आपोआप आला होता. कुणाचा फोन कुणाला जोडायचा, हे ऑपरेटरच्या हाती. कुणी कुणाला फोन केला, हेही तिला ठाऊक. हवं तर बोलणंही कानावर पडणार. गावातली सगळी गुपितं जणू तिच्या पदरात!

इथेच स्ट्रोजर यांची ती प्रसिद्ध गोष्ट येते. आपल्याला बोलावणी कमी का येतात, या विचाराने ते हैराण झाले होते. गावात अंत्यविधीचा धंदा करणारा दुसराही एक होता आणि त्याची बायको म्हणे एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कुणी स्ट्रोजर यांना जोडून द्या म्हटलं की ती फोन आपल्या नवऱ्याकडे जोडायची. दुःखात बुडालेल्या घराला काय कळणार, पलीकडे कोण बोलतंय ते! काही जण असंही सांगतात, की स्ट्रोजर यांच्या ओळखीच्याच घरातला मृत्यू आणि काम मात्र गेलं प्रतिस्पर्ध्याकडे, हे पाहून त्यांचा पारा चढला.

गोष्ट झकास आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ ती पुस्तकांतून सांगितली जातेय. पण खरी आहे का? तिचे तपशील प्रत्येक जण वेगळे सांगतो. कुणी ती टोपेकात घडवतो, कुणी कॅन्सस सिटीत. कुणी ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याची बायको होती म्हणतो, तर कुणी दुसरंच नातं लावतो. त्या बाईचं नाव कुठे नोंदलेलं नाही. आणखी एक हकिकत तर अगदी निराळी आहे. स्ट्रोजर यांच्या तक्रारींना कंटाळून टेलिफोन कंपनीचा माणूस पाहायला आला, तर दुकानाबाहेरची पत्र्याची पाटी वाऱ्याने हलून तारेला लागत होती आणि त्यामुळे त्यांचा फोनच बंद पडत होता! म्हणजे दोष होता पाटीचा आणि बोल लागला बाईला. यातलं कुठलं खरं, ते ठरवायला पुरावा नाही. पण जिच्यावर आळ आला तिची बाजू कुणी विचारलीच नाही, हे मात्र आपण बायकांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

संशय खरा असो की खोटा, स्ट्रोजर यांनी त्याचं जे केलं ते विलक्षण. आपण असतो तर भांडलो असतो, तक्रारअर्ज दिले असते. त्यांनी ठरवलं, मधला माणूसच नको. ज्याला फोन करायचा, त्यानेच आपल्या हाताने तो जोडावा.

कल्पना तशी नवी नव्हती. १८७९मध्येच कॉनली आणि मॅक्टाय यांनी आपोआप फोन जोडण्याचं पेटंट घेतलं होतं, पण ते यंत्र बाजारात टिकलं नाही. स्ट्रोजर यांनी आपलं पहिलं मॉडेल घरातल्याच वस्तूंतून बनवलं म्हणतात. शर्टाच्या कॉलर ठेवायचा एक गोल डबा आणि टाचण्या! त्या काळी कॉलर शर्टापासून वेगळी असे आणि ती मोडू नये म्हणून गोल डब्यात ठेवत. त्या डब्याला त्यांनी ओळींनी टाचण्या टोचल्या. एक टाचणी म्हणजे एक फोन. मधोमध एक दांडा उभा केला आणि त्याला एक हात लावला. विजेचा एक धक्का आला की दांडा एक पायरी सरकायचा. पुरेसे धक्के दिले की तो हात नेमक्या टाचणीला जाऊन टेकायचा.

पुढे सुधारून जी रचना रूढ झाली, ती आपल्याला सोप्या भाषेत अशी सांगता येईल. समजा, दहा मजली इमारत आहे आणि दर मजल्यावर दहा खोल्या. तुम्हाला २७ नंबर हवाय. पहिल्या आकड्याचे दोन धक्के आले की यंत्राचा हात दोन मजले चढतो. मग सातचे सात धक्के आले की तो त्याच मजल्यावर गोल फिरत सातव्या खोलीपाशी थांबतो. शंभर घरांतून एक घर सापडलं, कुणाला नाव न विचारता! घरं वाढली तर अशी यंत्रं एकापुढे एक जोडायची.

स्ट्रोजर यांनी १२ मार्च १८८९ रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि १० मार्च १८९१ रोजी ते मंजूर झालं. तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. शोध म्हणजे तरुणांचं काम, असं वाटत असेल तर हे वय लक्षात ठेवा. घरच्या माणसांनी यंत्र घडवायला हातभार लावला. जोसेफ हॅरिस या धडपड्या व्यावसायिकाने धंद्याची बाजू उचलली आणि त्याच वर्षी शिकागोत कंपनी उभी राहिली. ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या छोट्या गावात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. ग्राहक होते जेमतेम ७५. ऑपरेटर मुलगी नाही, थांबणं नाही, संताप नाही, अशी कंपनीने त्याची जाहिरात केली. पाहा, गैरसोयींच्या यादीत मुलीचं नाव पहिलं!

या पहिल्या फोनलाही चकती नव्हती. बटणं होती आणि ती मोजून दाबावी लागत. २७ हवा तर दहम् स्थानाचं बटण दोनदा, एकम् स्थानाचं सातदा. एखादा आकडा मनात चुकला की फोन भलतीकडेच! शिवाय प्रत्येक घरापर्यंत एकाऐवजी चार-पाच तारा ओढायच्या. हा व्याप कमी केला तो कंपनीतल्याच कीथ आणि एरिक्सन बंधूंनी. १८९६च्या सुमारास त्यांनी बोट घालून फिरवायची चकती बनवली. आपल्याकडचे काळे, जड फोन आठवतात ना? नंबर फिरवला की चकती परत येताना टकटकटक आवाज यायचा. तो आवाज म्हणजेच एक्स्चेंजमधल्या त्या हाताला दिलेले धक्के.

एवढा शोध लावणारा माणूस श्रीमंत झाला असेल ना? तर नाही. १८९६मध्ये स्ट्रोजर यांनी आपली पेटंटं भागीदारांना फक्त १,८०० डॉलरला विकली. १८९८मध्ये कंपनीतला आपला हिस्साही १०,००० डॉलर घेऊन सोडला. तब्येत ढासळली होती. ते फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग गावी जाऊन राहिले. २६ मे १९०२ रोजी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तिथेच त्यांचं निधन झालं आणि गावातल्या ग्रीनवुड दफनभूमीत त्यांना पुरलं. थडग्याच्या दगडावर काय कोरलं? लेफ्टनंटचा हुद्दा आणि घोडदळाच्या तुकडीचं नाव. टेलिफोनचा उल्लेखही नाही! त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, १९१६ साली तीच पेटंटं बेल कंपनीने २५ लाख डॉलरला घेतली. पुढे १९४५मध्ये त्यांच्या जुन्या कंपनीने थडग्यापाशी एक फलक बसवला, तेव्हा कुठे इथे कोण झोपलंय ते लोकांना कळलं.

स्ट्रोजर गेले, पण त्यांचं यंत्र जगभर पसरलं. इंग्लंडमध्ये १९१२ साली एप्सम इथे पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज आलं. आपल्या देशात ते मान सिमल्याला मिळाला, १९१३-१४मध्ये. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या आयटीआय या सरकारी कारखान्यात स्ट्रोजर पद्धतीची एक्स्चेंजं बनू लागली आणि गावोगावी गेली. अर्थात परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून तासन् तास वाट पाहणं चुकत नव्हतं. भारतात दोन शहरांमध्ये थेट नंबर फिरवून बोलायची सोय पहिल्यांदा झाली ती १९६० साली, लखनौ आणि कानपूरमध्ये.

आणि त्या ऑपरेटर मुली? त्यांचं काय झालं? १९१९च्या एप्रिलमध्ये बॉस्टन आणि आसपासच्या सुमारे आठ हजार ऑपरेटर मुलींनी ज्युलिया ओकॉनर या त्यांच्यातल्याच पुढारी बाईच्या मागे उभं राहून संप केला. सहा दिवसांत पगारवाढ मिळवली. पण त्याच वर्षी बेल कंपनीने नॉरफोक शहरात आपलं पहिलं मोठं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू केलं. तेव्हा अमेरिकेत लाखाहून अधिक बायका फळीवर काम करत होत्या. पुढच्या वीस वर्षांत शहरामागून शहर चकतीच्या फोनवर गेलं. अर्थशास्त्रज्ञांनी या काळाचा अलीकडे अभ्यास केला, त्यात दोन गोष्टी दिसल्या. नव्याने नोकरी शोधणाऱ्या मुलींना टायपिस्ट, सेक्रेटरी, हॉटेल अशा दुसऱ्या वाटा मिळाल्या. पण ज्या आधीपासून फळीवर होत्या, त्यांच्यातल्या अनेकींना घरी बसावं लागलं किंवा कमी पगाराचं काम धरावं लागलं. यंत्र आलं की पुढची पिढी सावरते, पण मधली पिढी भरडली जाते. हे आजही आपण बघतोच आहोत.

मात्र ही गोष्ट इथे संपत नाही. स्ट्रोजर यांचं यंत्र हुशार नव्हतं. धक्का आला की सरकायचं, एवढंच त्याला ठाऊक. विचार करणारं एक्स्चेंज यायला १९६५ साल उजाडलं. अमेरिकेतल्या बेल लॅबने सक्कासुना या गावी कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं पहिलं मोठं एक्स्चेंज सुरू केलं. त्यात एक अडचण होती. एकाच वेळी खूप फोन आले की कॉम्प्युटर गोंधळून ठप्प होण्याची भीती. हा पेच सोडवला एर्ना हूवर या तत्त्वज्ञान आणि गणिताची मूलतत्त्वं या विषयांत पीएच.डी. केलेल्या बाईंनी. दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणात दवाखान्यात असताना त्यांनी उपायाचा पहिला आराखडा काढला! गर्दी वाढली की फोन जोडायचं काम आधी, बिलं आणि नोंदी नंतर, असं एक्स्चेंजने स्वतःच ओळखायचं. घरात पाहुणे आले की आधी पानं वाढायची, भांडी मागाहून, हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? हेच शहाणपण त्यांनी गणिताच्या भाषेत यंत्राला शिकवलं. १९७१ साली त्यांना पेटंट मिळालं. सॉफ्टवेअरसाठी दिलेल्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांत त्याची गणना होते.

कोणतं काम आधी, कोणतं मागाहून हे सतत ठरवणं, हाच ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. आज त्या लुकलुकत्या पेटीतली ऑपरेटिंग सिस्टीम हेच करते. कोणता कॉम्प्युटर कोणत्या वायरीला आहे, याची यादी ती स्वतःच बनवते. वायर काढून दुसरीकडे खोचली तर यादी बदलते. गर्दी झाली तर महत्त्वाचं आधी सोडते. आणि गंमत बघा, कॉम्प्युटरच्या जाळ्यासाठी अशी पेटी १९९० साली पहिल्यांदा बाजारात आणणाऱ्या अमेरिकन कंपनीचं नाव होतं कल्पना! तिच्या दोन संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे. त्यांच्या पत्नीचं नाव त्यांनी कंपनीला दिलं होतं. पुढे १९९४मध्ये सिस्को या बड्या कंपनीने ती विकत घेतली.

तर असा हा प्रवास. एका बाईवरच्या संशयापोटी सुरू झालेलं काम एका बाईच्या बुद्धीने पुढे नेलं आणि त्याच्या पुढच्या पायरीवर एका बाईचं नाव लागलं. स्ट्रोजर यांच्या चिकाटीला दाद द्यायलाच हवी. राग आला तर तो कामाला कसा लावावा, हे त्यांच्याकडून शिकावं. पण त्यांची गोष्ट मुलांना सांगाल, तेव्हा त्या वाऱ्यावर हलणाऱ्या पाटीचीही जरूर सांगा. कुणावर बोट ठेवण्याआधी आपल्याच दारातली पाटी एकदा बघून घेतलेली बरी!